उशी घेऊन रेडिओच्या दुकानात

१९६२ साल, फेब्रुवारीतला पहिला शनिवार, दुपारी अडीचची वेळ. रक्कम साडेतीनशे रुपये, माझ्या आतल्या खिशात. हजर: गुंडूअण्णा कडोलीकर, रेडिओचे दुकानदार रामय्या आणि मी. शिवाय एक उशी.

उशी अण्णांची होती. बसवनगुडीपासून बसमधून ती त्यांनी मांडीवर घेऊन आणली होती. कंडक्टरनं गमतीत तिचं तिकीट मागितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "मांडीवरच्या पोराचं घेता काय?"

रामय्यांच्या दुकानात भिंतीला लागून एक लांब बाकडं होतं. अण्णांनी त्यावरची खोकी उचलून खाली ठेवली, उशी टाकली, चपला काढल्या आणि सरळ आडवे झाले. डोळे मिटून म्हणाले, "हं. लावा आता."

रामय्यांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णांबरोबर बाहेर पडलं की लोक आधी माझ्याकडेच पाहतात, त्यामुळे मला सवय होती. मी कानडीत सांगितलं, "यांना उशाशी ठेवायचा रेडिओ हवाय. झोपूनच ऐकायचा, म्हणून झोपून बघतायत."

"सरी स्वामी," म्हणजे ठीक आहे, असं रामय्या म्हणाले. त्यांना पटलं होतं असं नाही, पण शनिवारच्या दुपारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

अण्णा आमच्या कारखान्यात ओतीव कामाचे तपासनीस होते, मी तिथेच हिशेब खात्यात. ओतशाळेतून आलेला लोखंडाचा तुकडा अण्णांपुढच्या आकड्याला टांगला जाई. अण्णा त्यावर लहानशी हातोडी मारत आणि कान देत. तुकडा चांगला असला की घंटेसारखा लांबवर वाजतो. आत चीर असली की आवाज मध्येच खाली बसतो. ही चीर डोळ्यांना दिसत नाही. अण्णांनी मान हलवली की तुकडा पुढे यंत्रावर जाई. "नाद बसलाय," म्हणाले की परत भट्टीत. आमच्या अधिकाऱ्यांनीही त्यावर कधी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

कारखान्यात ठीक होतं. पण संध्याकाळी हातोडी खणात ठेवून आले तरी अण्णांची बोटं घरी आलेली नसत. ते दारं वाजवत, मडकी वाजवत, खांब वाजवत. गांधी बाजारात एक नारळवाली होती. अण्णा तिचा एकही नारळ वाजवल्याशिवाय सोडत नसत, आणि ती त्यांना मुळीच अडवत नसे. अण्णा चांगले एकीकडे आणि नासके दुसरीकडे करून देत. मग ती चांगल्या ढिगाचा भाव एक आण्यानं वाढवी आणि अण्णांनाही त्याच भावानं देई. मी एकदा हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. "मग बरोबरच आहे की," ते म्हणाले. "तपासलेला माल महाग असायचाच."

जयनगरात माझं घर बांधत होतो तेव्हा मी त्यांना सहज दाखवायला नेलं. इतरांनी खिडक्या पाहिल्या, वारा पाहिला. अण्णा भिंतीवर बोटं वाजवत सगळ्या खोल्या फिरले आणि स्वयंपाकघरात थांबले. "लेले, इथं नाद बसलाय." कंत्राटदार हसला. मी प्लास्टर फोडायला लावलं. आत विटांच्या जागी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या निघाल्या. त्यानंतर तो कंत्राटदार अण्णा येताना दिसले की स्वतःच विटा मोजायला लागे.

अण्णांचं लग्न झालेलं नव्हतं. त्याची हकीकत त्यांच्या बेळगावकडच्या लोकांत प्रसिद्ध होती आणि अण्णाही ती खुल्या मनानं सांगत. निपाणीला मुलगी पाहायला गेले होते. हातपाय धुवायला तांब्या पुढे आला. अण्णांनी तो टिचकी मारून वाजवला आणि मुलीच्या वडिलांना सांगितलं, "मामा, याच्या बुडाला चीर आहे." तांब्या वडिलोपार्जित होता. पुढे पोह्यांपर्यंतसुद्धा गाडी गेली नाही. "तांब्या गळायला लागला मग सहा महिन्यांनी," अण्णा शेवटी सांगत. "पत्र आलं होतं तसं. मुलीचं लग्न झालं होतं तोवर."

तर असा माणूस घड्याळाचा रेडिओ घ्यायला निघाला, तेव्हा उशीचं मला फारसं नवल वाटलं नाही. नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटत होतं. अण्णा रोज पहाटे आपोआप उठत. गजराच्या घड्याळाला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नव्हता. संगीताचीही त्यांना ओढ नव्हती. अशा माणसाला ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होणारा रेडिओ कशाला हवा, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "बघूया की," एवढंच उत्तर मिळालं.

रामय्यांकडे असे तीन संच होते, तिन्ही परदेशातून आलेले आणि वापरलेले. पहिला अमेरिकेतला, हस्तिदंती रंगाचा. दिसायला देखणा, आवाज गोड. रामय्यांनी तो मोठ्यानं लावला.

"हळू करा," बाकड्यावरून अण्णा.

रामय्यांनी हळू केला.

"अजून हळू."

"स्वामी, आता मलाच ऐकू येत नाही."

"तुम्ही कशाला ऐकताय? मी ऐकतोय की. मोठ्यानं सगळेच चांगले वाजतात. हळू बोलताना माणूस कळतो, रेडिओपण."

अण्णा आधी डाव्या कुशीवर झोपले, मग उजव्या, मग परत डाव्या. माझ्याकडून त्यांनी रेडिओ एकदा पायाकडे आणि एकदा डोक्याकडे ठेवून घेतला. नंतर घड्याळाकडे पाहत एक तास नुसते बसले. तेवढ्या वेळात त्या घड्याळाचा काटा पन्नास मिनिटंच पुढे गेला. अमेरिकेतल्या विजेची चाल आणि आपल्या विजेची चाल वेगळी, आणि ते घड्याळ विजेच्या चालीनं चाले. रामय्यांना हे ठाऊक असावं, कारण त्यांनी लगेच कॉफी मागवली. "तासाला दहा मिनिटं फक्त," ते म्हणाले. "हिशेब ठेवला की झालं."

"हे लेले हिशेबातलेच आहेत," अण्णा म्हणाले, "पण त्यांना घरची कामं आहेत."

दुसऱ्या संचाचं घड्याळ बरोबर होतं. पण त्याचा रेडिओ सुरू झाल्यावर थोड्या वेळानं आपोआप भोंगा वाजे, आणि तो बंद ठेवायची सोय नव्हती. रामय्यांना वाटलं, हा तर गुणच आहे. अण्णा उठून बसले. "भोंगा नको. भोंग्यानं बहिरासुद्धा उठतो."

तिसरा जर्मन होता, तपकिरी लाकडी पेटीचा, एका कोपऱ्यावर टवका उडालेला. भोंग्याचं बटण वेगळं होतं. गजराची वेळ हवी ती लावता येई, पाव-पाव तासानंच लावायची अट नव्हती. आवाजाचं बटण इतकं अलगद फिरे की कुजबुजीपेक्षाही खाली जाता येई. सुरू केल्यावर आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत काहीच ऐकू येत नसे, मग आवाज हळूहळू वर येई. अण्णांनी दोन्ही कुशींवर तो ऐकला आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, झोप लागली.

"हा घ्यायचा," ते म्हणाले.

रामय्यांनी तीनशे चाळीस सांगितले. मी टवक्यावर बोट ठेवलं, रामय्यांनी तीन तासांच्या बाकड्याचं भाडं काढलं, शेवटी तीनशे दहाला सौदा झाला. येताना अण्णांनी रेडिओ मांडीवर घेतला आणि उशी मला धरायला लावली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी मला खोलीवर बोलावलं. रेडिओ कॉटशेजारी स्टुलावर होता. आवाजाच्या बटणावर त्यांनी कानशीनं एक बारीक रेघ पाडली होती आणि तशीच एक पेटीवर.

"या दोन रेघा जुळवून ठेवायच्या," अण्णा म्हणाले. "आणि आता तुम्ही गजर लावा. कितीचा ते मला सांगायचं नाही. मी पाठ फिरवून बसतो."

"अण्णा, हा काय खेळ आहे?"

"खेळ नाही हो." त्यांनी डाव्या कानाला हात लावला. "हा गेल्या वर्षापासून स्वल्प कमी झालाय. इतकी वर्षं लोखंड वाजवलं, व्हायचंच. उजवा आहे अजून. पण तोही कधीतरी जाणार, आणि कान जाताना सांगून जात नाही. आपल्याला वाटतं, जगच हळू बोलायला लागलं."

मी म्हणालो, डॉक्टरकडे जाऊ. ते जाऊन आले होते. डॉक्टरनं घड्याळ कानाशी धरून विचारलं होतं, ऐकू येतं का. "घड्याळ दिसत असलं की टिकटिक ऐकू येणारच. येणार हे ठाऊक असलं की कान खोटं बोलतो. म्हणून ठाऊक नसताना ऐकू यायला पाहिजे. आठवड्यातून एकदा. म्हणजे कान गेलाच, तर फार तर एका आठवड्याचा माल माझ्या हातून चुकीचा सुटेल."

आमच्याकडे पूर्वी एकदा दुसऱ्या एका तपासनिसाच्या हातून असा चिरलेला तुकडा सुटला होता. तो यंत्रावर फुटला आणि चालवणाऱ्याची दोन बोटं गेली. त्याला मिळालेल्या भरपाईचा आकडा माझ्या हातूनच वहीत चढला होता. त्यामुळे अण्णांना जास्त बोलावं लागलं नाही.

"बाकीच्यांचं बरं असतं," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "बायको म्हणते, तीनदा हाक मारली, लक्ष कुठं आहे? पोरं चिडवतात. त्यांना आपोआप कळतं. मला हाक मारणारं घरात कोण आहे? म्हणून हा आणला."

मी गजर लावला. आम्ही कॉफी पीत बसलो. अण्णा मला ओतशाळेतल्या नव्या साहेबाबद्दल सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांचं एक बोट वर झालं. मी कान दिला. मला त्यानंतर थोड्या वेळानं ऐकू आलं.

मग माझे रविवार तसे ठरूनच गेले. आमची ही म्हणे, "निघाले चावी द्यायला." एकदा पोह्यांचा डबा देऊन ती म्हणाली, "विचारा अण्णांना, नाद बरोबर आहे का." अण्णांनी डबा वाजवून पाहिला आणि चिठ्ठीवर लिहून पाठवलं, "आवाज भरीव. पोहे पुरेसे." मी गजराची वेळ कधी बातम्यांची लावी, कधी भजनांची. एकदा मुद्दाम, ते अंघोळीला जातील त्या वेळेची लावली. पंचा गुंडाळलेले अण्णा बोट वर करूनच बाहेर आले.

पुढे पुढे ते बोट थोडं उशिरा वर होऊ लागलं. मला दिसत होतं. त्यांनी विचारलं की मी खरं तेच सांगे. तेवढ्यासाठीच त्यांनी हिशेब खात्यातला माणूस निवडला होता.

आणि पासष्ट सालच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी रेडिओ सुरू झाला. कुणी बाई शेतकऱ्यांना बियाण्यांची माहिती कानडीत सांगत होती. अण्णा मला गांधी बाजारातल्या नारळवालीच्या मुलीचं लग्न कसं झालं ते सांगत होते. मी वाट पाहिली. बाईचं बोलणं संपलं, सनई लागली. अण्णा जेवणातल्या दुसऱ्या भातापर्यंत आले होते. मी कप खाली ठेवला. तो ठेवताना माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण अण्णा थांबले.

"लागलाय काय?"

"लागलाय, अण्णा."

"कधीचा?"

"बराच वेळ झाला. आता सनई चालू आहे."

त्यांनी रेडिओकडे मान वळवली, उजवा कान पुढे केला. मग उठून बटणावरची रेघ नीट जुळलेली आहे ना ते पाहिलं. जुळलेली होती.

"सरी," ते म्हणाले, आणि लग्नाची उरलेली हकीकत मला पुरी सांगितली. दक्षिणा किती दिली इथपर्यंत.

सोमवारी सकाळी हातोडी साहेबांच्या टेबलावर ठेवून त्यांनी स्वतःच कारण सांगितलं. साहेबांनी समजूत घालून पाहिली. म्हणाले, अजून वर्ष तरी कुणाला कळलंही नसतं. "मला कळलंय की," अण्णा म्हणाले. त्यांना कोठारात काम मिळालं. पगार तोच राहिला, तपासणीचा भत्ता गेला. त्यांच्या खोलीवरचा रेडिओ आता रेघेच्या बराच पुढे, मोठ्या आवाजात चालतो. शेजारी तक्रार करतात. मी रविवारी जातो. लावायचं काही नसतं, तरी जातो.

एकच गोष्ट अण्णांनी हट्टानं करून घेतली. आधीच्या रविवारी कान पास झालेला होता, या रविवारी नापास. तेव्हा मधल्या आठवड्यात त्यांनी पास केलेला एकेक तुकडा पुन्हा आकड्याला टांगून वाजवायचा. साहेबांनी परवानगी दिली, पण जादा कामाचा पैसा मंजूर केला नाही. सुटीच्या दिवशी अण्णांच्या हाताखालचा तपासनीस मुनियप्पा आला आणि त्यानं सगळा माल वाजवला. अण्णा भिंतीशी उभे राहून, स्वतःला नाद नीट ऐकू येत नसताना, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. एकही तुकडा चिरलेला निघाला नाही.

त्या कामाचे अकरा रुपये झाले. ते गुंडूअण्णा कडोलीकर यांनी स्वतःच्या खिशातून मुनियप्पाला दिले. त्यानं दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतले.