चार्जर जाईल तिथे पेंडसेकाका

२००४ च्या मार्चमध्ये, एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात, आमच्या अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर एक पोर्टेबल सीडी प्लेअर जळाला. आत भजनांची सीडी होती. ती वाचली.

प्लेअर शेजारच्या जोशींच्या आईंचा. त्या नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. चार्जर पेंडसेकाकांचा. एकच ठोकळा, त्याला बदलून लावायच्या सात पिना, आणि तीन व्होल्टपासून बारापर्यंत फिरणारं बटण. प्लेअरला साडेचार व्होल्ट लागत होते. जोशींनी बटण बारावर ठेवलं. जास्त ठेवलं की लवकर चार्ज होईल, असा त्यांचा हिशेब. धूर आला तेव्हा आईंना वाटलं, सुनेने उदबत्ती लावली.

काका आले. पिन काढली, आणि मुलाचा ताप बघावा तसा उलटा हात ठोकळ्याला लावला. बटणाकडे पाहिलं. चिडले नाहीत. संध्याकाळी स्वतः नवा प्लेअर आणून दिला आणि जाहीर केलं, की यापुढे चार्जर कोणाला नेता येणार नाही. चार्जर जाईल तिथे ते स्वतः जातील आणि काम होईपर्यंत बसतील.

विद्याधर पेंडसे तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. मोटारींचं वायरिंग करणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहत. पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी फ्रिस्कोला गेल्या होत्या, दोन महिन्यांसाठी. जुळं झालं. मुक्काम वाढला. किती वाढणार हे आम्ही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

पत्नीने मिसळणाचा डबा मागे ठेवला होता. त्याच्या सात वाट्यांत काकांनी सात पिना ठेवल्या. हळदीच्या वाटीतली पिन कायम पिवळट असे. हा डबा काखेत, मल्टिमीटर शर्टाच्या खिशात आणि ठोकळा हातात, अशा थाटात ते जिना चढत. पुण्याहून नव्याने आलेल्या एका जोडप्याला वाटलं, काका आपल्याकडे स्वयंपाकाला आले. त्यांनी आदराने शेगडी दाखवली.

त्या काळी आमच्या इमारतीत प्रत्येक फोनची पिन वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी. मूळ चार्जर हॉटेलांत, विमानतळांवर, पुण्यातल्या माहेरी राहून जात. मग काकांना फोन जायचा. ते आधी वस्तू उलटी करून तळाची बारीक अक्षरं वाचत. व्होल्ट तंतोतंत हवा. अँपिअर चार्जरचे जास्त असले तर चालतील, कमी नकोत. मधली पिन प्लस की मायनस, हे मीटर लावून बघायचं. कोणी म्हणालं, अहो काका, पिन तर बसतेय, की त्यांचं ठरलेलं उत्तर येई: "पिन बसली म्हणजे जमलं असं नाही."

काही वस्तूंना ते साफ नकार देत. याला याचाच चार्जर हवा, म्हणत, आणि तरी अर्धा तास बसत. एकदा जोशींनी दोन तोंडांची वायर आणून दोन फोन एकदम लावायचं सुचवलं. काकांनी ती वायर गुंडाळून त्यांच्या हातात परत दिली. एका ताटात दोघांना वाढू नये, एवढंच म्हणाले.

बसत, हा शब्द सैल आहे. ते बसत नसत. दर दहा मिनिटांनी उठून ठोकळ्याला हात लावत. मधल्या वेळात तुमच्या फ्रिजचा आवाज ऐकत, थर्मोस्टॅट दोन डिग्री खाली आणत, दाराच्या बिजागऱ्या वाजवून बघत. आमची मुलगी ईशा तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या पोर्टेबल डीव्हीडी प्लेअरचा चार्जर पुण्याला राहिला होता, म्हणून काका दर रविवारी आमच्याकडे.

"आजोबा, इज इट डन?"

"मराठीत विचार."

"झालं?"

"नाही."

बॅटरी कशी मोजायची हे त्यांनी तिला शिकवलं. काढायची, मीटर लावायचा, आठ पॉईंट चार दिसलं की भरली. मग लगेच ताटावरून उठवायची.

जोशी एकदा त्यांना तोंडावर म्हणाले, "काका, तुम्ही चार्जरला घेऊन येता की चार्जर तुम्हाला?" काका हसले. त्या दिवशी ते जेवून गेले.

२००७ पासून काम कमी होत गेलं. बऱ्याच घरांत एकाच पिनेचे फोन आले, ते लॅपटॉपच्या वायरवरही चार्ज होत. २००८ च्या जुलैत कंपनीने काकांचा विभाग बंद केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी इमारतीत सगळ्यांना कळवलं, की आता सुट्टीच्या दिवसाची वाट बघू नका, कधीही बोलवा. त्या आठवड्यात कोणीही बोलावलं नाही. पुढच्याही नाही. एका दुपारी ते डबा घेऊन स्वतःच वर आले आणि दारातच विचारलं, काही आहे का. काही नव्हतं.

माझ्या बायकोने, मीनलने, त्यांना आत घेतलं आणि विचारलं, आता फ्रिस्कोला का जात नाही.

काकांनी आमच्या भिंतीवरचा स्विच दोनदा दाबून पाहिला.

"तिथे प्रत्येकाकडे आपापला चार्जर आहे," ते म्हणाले.

डीव्हीडी प्लेअरचा अस्सल चार्जर आम्ही त्याच उन्हाळ्यात मागवला होता. काकांना सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी मीनलने तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि काकांना फोन केला, की प्लेअर चालत नाहीये. सकाळीच ईशाने तो पूर्ण चार्ज केला होता. हे मीनलला माहीत होतं.

काका सात मिनिटांत आले. दाढी केलेली होती. त्यांनी प्लेअरची बॅटरी काढून मीटर लावला. मी त्यांच्या मागे उभा होतो. आकडा आठ पॉईंट चार होता.

त्यांनी मीटर बंद केला. हळदीच्या वाटीतली पिन काढली, ठोकळ्याला लावली, बटण नऊवर नेलं, मधली पिन प्लस आहे ना हे तपासलं आणि बॅटरी प्लेअरला परत जोडली.

"किती वेळ लागेल?" मीनलने विचारलं.

"दोन तास तरी."

ते दर दहा मिनिटांनी उठून ठोकळ्याला हात लावत होते. चहा दोनदा झाला. ईशाने त्यांना शाळेतलं एक गाणं इंग्रजीत म्हणून दाखवलं, त्यांनी ते मराठीत समजावून घेतलं. सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी बॅटरी काढली, मीटर लावला आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

"आठ पॉईंट चार. भरली."