बारा हजारांचे एक बोट

देशात मधुमेही किती, हे कळल्याखेरीज मधुमेह आवरता येत नाही, हे तत्त्व निर्विवाद आहे. त्यानुसार आरोग्य खात्याच्या एका विभागीय कार्यालयाकडे बारा हजार नागरिकांची रक्तशर्करा उपाशीपोटी मोजण्याचे काम सोपवण्यात आले. मुदत तीस दिवसांची होती आणि मनुष्यबळ तिघांचे: एक अधीक्षक, एक परिचारिका, एक शिपाई.

पहिल्या दिवशी परिचारिकेने चार इमारतींचे जिने चढून सहा नमुने मिळवले. त्यांतले दोन मधुमेही निघाले. बाकीच्या रहिवाशांपैकी काहींचा चहा आधीच झाला होता, काहींना सुईचे भय होते, आणि एका गृहस्थांनी आपल्याला काही झालेले नाही व झाले असल्यास ते कळण्याची इच्छा नाही, असे दाराच्या फटीतून कळवले. या गतीने काम संपण्यास दोन हजार दिवस लागणार होते.

दुसऱ्या दिवशी यंत्र ठीक चालते ना, हे पाहण्यासाठी परिचारिकेने शिपायाचे बोट टोचले. ब्याण्णव. पुन्हा टोचले, पुन्हा ब्याण्णव.

"काका, तुमचं रक्त परिपत्रकासारखं आहे," ती म्हणाली. "कुठूनही टोचा, मजकूर तोच."

अधीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला.

येथे कोणी आक्षेप घेईल की, एका माणसाचे रक्त बारा हजारांचे कसे ठरावे? अधीक्षकांपाशी उत्तर तयार होते. आदेशात नमुने किती, हे नमूद होते; माणसे किती, हे नमूद नव्हते. नावे मतदारयादीत होतीच. दिवसाला चारशे चौदा टोचे दहा बोटांत विभागले असता प्रत्येक बोटास सुमारे एकेचाळीस येतात व ते मानवी सहनशक्तीच्या मर्यादेत आहे, अशी टिप्पणी त्यांनी स्वहस्ते लिहिली.

नियम असाही होता की, रक्त देणाऱ्या व्यक्तीस प्रत्येक नमुन्यामागे गोड बिस्किटांचा एक पुडा द्यावा. अधीक्षक नियमाबाहेर जाणारे नव्हते. चारशे चौदा पुडे रोज शिपायाच्या घरी जाऊ लागले. अन्न टाकू नये, हा घरचा संस्कार. सरकारी माल वाटू वा विकू नये, हा खात्याचा दंडक. या दोहोंच्या कात्रीत सापडलेल्या त्या सज्जनाने पुडे खाऊन संपवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला.

अहवाल वर गेला: बारा हजारांत मधुमेही दोन. वरून अभिनंदन आले, गोळ्यांचा साठा त्या प्रमाणात कमी झाला, निरोगी नागरिकांना टपालाने प्रमाणपत्रे गेली आणि हेच काम दरवर्षी याच कार्यालयाकडे राहिले.

तिसऱ्या वर्षी शिपायाच्या टाचेला खिळा लागला. जखम दोन महिने भरेना. एका सकाळी यंत्राने तीनशे चाळीस दाखवले. तो थेंब मात्र यादीतल्या एका शाळामास्तरांच्या नावावर होता. त्यामुळे गोळ्याही मास्तरांना मंजूर झाल्या.

शिपायाची बायको कार्यालयात आली. पाय काळा पडत चालल्याचे तिने सांगितले.

"वहिनी, यांच्याइतकी तपासणी अख्ख्या देशात कुणाची झाली नसेल," अधीक्षक म्हणाले. "पण यांच्या स्वतःच्या नावापुढे ब्याण्णव आहे."

"मग आत्ता घ्या की रक्त. ते काय, बाकावर बसलेत."

अधीक्षकांना खरोखर वाईट वाटले. कर्मचाऱ्याचा नमुना त्याच्याच नावावर घेणे म्हणजे पक्षपात. तशी यंदापासून सक्त मनाई होती. मार्ग एकच उरला होता.

"यांच्या नावावर दुसऱ्या कुणाचं तरी रक्त लागेल. एखादा साखर असलेला माणूस घेऊन या, आजच्या आज गोळ्या देतो."

ती दारोदार फिरली. एवढ्या वस्तीत मधुमेही माणूस मिळू नये, याचे तिला नवल वाटले. पण प्रत्येक घरातून तिला प्रमाणपत्र दाखवण्यात आले, आणि प्रत्येकावर शिक्का अस्सल होता. शुक्रवारी शिपायाचा पाय घोट्यापासून कापला.

वाचकहो, ती आपल्याकडेही आली होती. आपण तिला परत पाठवलेत, त्यात आपली काहीच चूक नाही. आपले प्रमाणपत्र कपाटात सुरक्षित आहे. हल्ली तहान जरा जास्त लागते, इतकेच.