पुण्याचा नकार

सन १९३४च्या मॅट्रिकला असोद्याच्या झुलालनाना पाटलांचा कौतिक पहिल्या वर्गात पास झाला. पेढे वाटून झाले आणि घरावर संकट आले. मुलाचे गणित पाहून जळगावच्या हेडमास्तरांनी पुण्याच्या एका कॉलेजात अर्ज करायला सांगितले होते. ते कॉलेज इतके नामांकित होते, की तिथे सहसा कोणाला घेत नसत.

"जिथं कोनाले घेतच नाही, तिथं अर्ज काहाले कराचा?" नाना म्हणाले.

प्रश्न रास्त होता, म्हणून तो घेऊन ते जळगावला जीवराम वकिलांकडे गेले. कौतिक शेजारी बसला. त्याला जायचे होते. भूमितीचे एखादे प्रमेय सुटले, की त्याला जेवणही आठवत नसे. पण सल्ला चालू असताना मुलाने बोलण्याची पद्धत नव्हती.

"अर्ज अवश्य करा," वकील म्हणाले. "मला त्याच कॉलेजाने नाकारले होते. आज जळगावात माझा मान बघा. इतरांना साध्या कॉलेजांनी नाकारले, ते कुठे आहेत?"

नानांना हे पटले.

अर्जासोबत दोन प्रतिष्ठित गृहस्थांची शिफारस हवी होती. उमेदवार शिफारशीच्या बळावर येत नाही, असे तिच्यात लिहायचे होते. पहिली वकिलांनी दिली. दुसरीसाठी बापलेक धुळ्याच्या एका रावसाहेबांकडे गेले. ते कौतिकला ओळखत नव्हते, म्हणूनच त्यांनी लगेच सही केली. ओळखीच्या माणसाची शिफारस म्हणजे पक्षपात, असे त्यांचे तत्त्व होते.

अर्ज गेला आणि कौतिकचा भाव वाढला. यावलचे केळीबागायतदार सुपडूभाऊ मुलीचे स्थळ घेऊन आले.

"जवाब आला का?"

"नाही अजून."

"बेस झालं. नकार येईनच. पोरगा घरीच राहीन, अन् पुन्याच्या कॉलेजानं नाकारलेला जावाई आमच्या यावलात एकबी नाही."

साखरपुडा झाला. नकार आला, की लग्नाची तारीख काढायची ठरले.

पण कॉलेजाने कौतिकला घेतले.

ते कळताच घरी माणसे जमली. बायका कौतिकच्या आईजवळ, ताईबाईंजवळ, येऊन हळू आवाजात बोलत बसल्या. सुपडूभाऊंनी फसवणूक झाल्याचे स्पष्ट सांगितले. सर्वांत जास्त दुखावले ते जीवराम वकील. असोद्याचे पोर आत जाते, तर त्यांच्या नकाराला काय किंमत उरली?

"कॉलेज घसरलं, नाना," ते खिन्नपणे म्हणाले. "आता तिथं कोणीही जातं."

नानांनी मान हलवली. कालपर्यंत अख्ख्या इलाख्यात तोड नसलेले कॉलेज कौतिकला घेतल्यामुळे एका दिवसात साधे झाले. कौतिक ओटीवर बसून सगळे ऐकत होता. ट्रंक घासून ठेवली होती. पुण्याला जाऊन काय काय शिकायचे, हे त्याने मनात कितीदा योजले होते. पण इतकी शहाणी माणसे एकमताने बोलत होती.

रात्रीची भाकरी वाढताना ताईबाईंनी विचारले, "तुले जावंसं वाटतं का रे?"

हे त्याला आजवर कोणी विचारले नव्हते. उत्तर त्याच्या ओठावर होते.

"आता तिथं कोनीबी जातं, माय," तो म्हणाला.

ताईबाईंनी ट्रंकेत जुन्या गोधड्या भरल्या आणि ती माळ्यावर ठेवली.

लग्न थाटात झाले. पुण्याने नाकारले, असेच सुपडूभाऊंनी यावलात सांगितले आणि मंडळी खूश झाली. कौतिकला धुळ्याच्या एका कचेरीत कारकुनी मिळाली. साहेबांनाही नकाराचीच हकीकत आवडली. पाच-सात वर्षांत ती सांगता सांगता कौतिकरावांची स्वतःचीच खात्री पटली. भूमिती त्यांनी पुन्हा उघडली नाही.

आता निकाल लागले, की पालक त्यांच्याकडे सल्ल्याला येतात. मोठ्या कॉलेजात अर्ज करावा का, करून उपयोग काय, लोक काय म्हणतील, यावर तासभर उत्तम चर्चा होते. मुलगा शेजारी बसलेला असतो. कौतिकराव त्याच्याकडे बघत नाहीत. पालकही बघत नाहीत.

आपणही आपल्या मुलाला घेऊन असेच कोणाकडे तरी गेलो होतो. सल्ला आपल्याला शब्दन् शब्द पाठ आहे. मुलगा तेव्हा कुठे बघत होता, ते आठवते का?