घोंगडीचा सोफा

साखर कारखान्याच्या कॉलनीत सोफा एकट्या चीफ इंजिनिअरांकडे होता, आणि येत्या रविवारपासून तो स्टोअरकीपर काकासाहेबांकडेही असणार होता. रविवारी त्यांच्या मुलीला, प्रवराला बघायला पारनेरकडचे पाहुणे येणार होते. मुलगा ओव्हरसियर. ओव्हरसियर जावई पत्र्याच्या खुर्चीवर बसणार, या कल्पनेनं काकासाहेबांची आठ दिवस झोप उडाली होती. नवव्या दिवशी ते बायकोला, चांगुणाबाईंना घेऊन नगरला शलमोन मिस्त्रींच्या दुकानात हजर झाले.

शलमोन मिस्त्री मिशनच्या शाळेत सुतारकी शिकलेले, बोलायला कमी आणि हाताला पक्के. सागवानी सांगाडा काकासाहेबांना बघताक्षणी पसंत पडला. घोडं अडलं ते कापडावर. तांबडं रेक्झिन त्यांना उन्हाळ्यात चिकटेलसं वाटलं, आणि हिरवी मखमल चांगुणाबाईंना लग्नाच्या कनातीसारखी दिसली.

तेव्हा काकासाहेबांनी पिशवीत हात घातला आणि काळीभोर घोंगडी काउंटरवर पसरली. "मिस्त्री, ही लावा. इंजिनिअर साहेबांच्या मासिकात फोटू बघितलाय मी. मुंबईची मानसं आता सोफ्याला हातानं विनलेली लोकर लावत्यात. आपल्याकडं तर घरची हाय."

ती घोंगडी चांगुणाबाईंच्या वडिलांनी लग्नात दिलेली होती. लोकर काळ्या मेंढीची, जन्माचीच काळी. बावीस वर्षांत कितीदा धुतली, पण तिनं रंगाचा थेंब सोडला नव्हता.

"अहो, घोंगडीवर पंच बसत्यात," चांगुणाबाई म्हणाल्या. "आबा म्हनायचे, तिच्यावर बसून खोटं बोलनाऱ्याचं कदी बरं झालं न्हाई."

"सोफ्यावर कुठला पंच येतोय बसायला?"

मिस्त्रींनी टेपानं माप घेतलं. "साहेब, एका घोंगडीत पुरा सोफा व्हायचा न्हाई. पाठ अन् हात निघतील. बैठकीला दुसरं कायतरी..."

"तुमी जुळवा हो मिस्त्री. शनिवारी पायजे म्हंजी पायजे." काकासाहेब मनानं केव्हाच घरी पोहोचले होते आणि सोफा खिडकीपाशी ठेवावा की दारासमोर, हे ठरवत होते.

शनिवारी सोफा टेम्पोनं आला. कॉलनीच्या फाटकापासून घरापर्यंत काकासाहेब टेम्पोच्या पुढे चालले. बॉयलरवरचे शेजारी कारभारी सगळ्यांत आधी धावत आले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, लोकर ओळखली, चपला काढल्या आणि मांडी घालून बसले. मग त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"काकासाहेब, आता घोंगडीवर बसलोय म्हनून सांगतो. गेल्या आखाडात तुमचा कोंबडा मांजरानं न्हाई नेला."

"मग कुनी नेला?"

"रस्सा लई झ्याक झाला हुता," कारभारी खाली मान घालून म्हणाले.

काकासाहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ही गंमत सांगायला ते स्वयंपाकघरात गेले आणि सांगता सांगता त्यांचं हसू थांबलं. पारनेरला पाठवलेल्या पत्रात त्यांनी मुलगी मॅट्रिक फर्स्ट क्लास असं लिहिलं होतं. प्रवरा गणितात दोनदा नापास झाली होती आणि आता ऑक्टोबरला पुन्हा बसणार होती.

"मग उद्या घोंगडीवर बसून काय सांगनार?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"मी बसनारच न्हाई."

रविवारी दहाच्या यष्टीनं पाहुणे आले. मुलाचे वडील गहिनीनाथ गावचे जुने पंच होते. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा. मागे मुलगा गोरक्ष, इस्त्रीची पांढरी पँट घातलेला. सोफा बघून गहिनीनाथांचा चेहरा खुलला. टेकण्यासाठी त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच थबकला.

"घोंगडी हाय व्हय?"

"व्हय, घरची. बसा की."

"तुमी बसा."

"तुमी पाव्हनं. आदी तुमी."

"न्हाई, यष्टीत बसून बसून कटाळलोय."

दोघं व्याही सोफ्याच्या दोन टोकांना उभे राहिले. पोहे उभ्यानं झाले. दुष्काळाच्या गप्पा उभ्यानं झाल्या. वडील बसेनात म्हणून गोरक्षही उभा. नवाकोरा सोफा खोलीच्या मधोमध रिकामा, आणि काकासाहेबांना त्याचा कोण अभिमान वाटत होता अन् कोण भीती.

प्रवरा चहा घेऊन आली. सगळे उभे बघून तिनं ट्रे टेबलावर ठेवला आणि सरळ सोफ्यावर बसली.

"मला गणित सुटत नाही," ती गोरक्षला म्हणाली. "दोनदा नापास झालेय. फर्स्ट क्लास माझ्या वडिलांनी लिहिला."

काकासाहेबांनी दाराची चौकट धरली. गोरक्षनं वडिलांकडे पाहिलं, आणि तोही सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"मी ओव्हरसियर न्हाई. दुष्काळी कामावर मजुरांचं मस्टर लिहितो. पाऊस पडला की काम बंद." थोडं थांबून तो म्हणाला, "पन गणित येतं मला. तेवढंच येतं."

प्रवरा हसली. मग गोरक्षही हसला. दोन्ही बापांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाच वेळी, दोन तासांच्या उभ्या पायांनिशी, पोरांच्या मध्ये धपकन बसले.

त्यानंतर खरं बोलायला नुसता ऊत आला.

"आता लपवायचं कशाला," गहिनीनाथ म्हणाले, "हा फेटा मेव्हन्याचा हाय."

"पोहे शेजारनीनं केलेत," काकासाहेब म्हणाले. चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं खरं त्यांनी गिळलं. तासाभरात सुपारी फुटली आणि साखर वाटली गेली. काकासाहेबांना आनंदानं काय करावं सुचेना.

पाहुणे जायला उठले. गहिनीनाथांच्या पांढऱ्या धोतरावर मागं ताटाएवढा काळा डाग होता. तसाच गोरक्षच्या पँटवर. चांगुणाबाईंनी बोट ओलं करून बैठकीवर घासलं. बोट काळं झालं. त्यांनी ते पदराला पुसलं.

गहिनीनाथांनी धोतर पुढं ओढून पाहिलं. जन्मभर घोंगडी पांघरलेला माणूस. ते काकासाहेबांना हाताला धरून अंगणात घेऊन गेले.

"काकासाहेब, काळ्या मेंढीची लोकर रंग सोडत न्हाई."

काकासाहेबांना मिस्त्रींचं अर्धं राहिलेलं वाक्य आता पुरं ऐकू आलं. "बैठकीला घोंगडी पुरली नसंल," ते गहिनीनाथांना म्हणाले. " नगरच्या बाजारात मिलिटरीची जुनी ब्लँकेटं मिळत्यात. मिस्त्रींनी त्यातलं एक रंगवून लावलं असंल."

"म्हंजी घोंगडी पाठीला. बसलो ते ब्लँकेटावर."

"व्हय."

गहिनीनाथांनी घराकडे पाहिलं. आत दोघं पोरं अजून बोलत होती.

"म्हंजी आपन उगाच खरं बोललो," ते म्हणाले. मग धोतराचा सोगा डागावर नीट बसवून त्यांनी आवाज खाली आणला. "पोरांना कळू देऊ नका."

काकासाहेबांनी लगेच कबूल केलं. अंगणात उभे होते, म्हणून बरं.