केरबा अस्वलाची डुगडुगती बाज

एका जंगलात, मुलांनो, केरबा नावाचं म्हातारं अस्वल राहत होतं. जंगलातच राहत होतं, कारण फार्महाऊस परवडत नव्हतं.

केरबाकडे आजोबांच्या वेळची सागवानी बाज होती. तिचा एक पाय डुगडुगायचा. केरबाची कंबर धरलेली. जमिनीवर झोपला, की सकाळी त्याला उठवायला दोन रानडुकरं लागायची. म्हणून तो सुतारपक्ष्याकडे गेला.

"पाचर मारली की झालं. दोन ठोक्यांचं काम," सुतारपक्षी म्हणाला. "पण हल्ली मी दुरुस्ती करत नाही, केरबादादा."

"मग काय करतोस?"

"माकडीणबाईंकडे भोकं पाडतो. नव्या लाकडाला किडीसारखी भोकं पाडली, की ते जुनं दिसतं. लोक तुटून पडतात."

केरबा बाज डोक्यावर घेऊन माकडीणबाईंकडे गेला. बाई नुकत्याच शहरात जुन्या सामानाच्या सजावटीचं तीन दिवसांचं शिबिर करून आल्या होत्या. तीन दिवसांत माणसं शहाणी होतात, मग माकडांचं काय सांगावं!

"दुरुस्ती?" बाई किंचाळल्या. "अहो काका, हिला नवजीवन द्यायचंय!"

"नवजीवन नको, बाई. पाय तेवढा बघा."

बाईंनी पाय बघितलाच नाही. त्यांनी बाजेला पांढरा रंग दिला. मग तो घासून काढला. मग बाज वडाला उभी टेकवली, विणीत वेली अडकवल्या आणि पुढे पाटी लावली, 'हात लावू नये.'

प्रदर्शन भरलं. केरबा तीन दिवस जमिनीवर झोपला. कंबर इतकी दुखली, की तो रडला. हसू नका. तुम्हाला गादी आहे.

चौथ्या दिवशी त्याने लाज सोडली. भर प्रदर्शनात बाज आडवी केली. वेली खाल्ल्या. डुगडुगत्या पायाखाली एक दगड सरकवला आणि सरळ घोरू लागला.

"काका, उठा! परीक्षक आल्या!" बाई ओरडल्या.

परीक्षक हत्तीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"बाजेवर चक्क झोपायचं! हे सुचलं कुणाला?"

"मलाच," माकडीणबाई म्हणाल्या.

"आणि पायाखाली दगड! किती साधं, किती धाडसी!"

पहिलं बक्षीस बाईंना मिळालं. केरबाला बाजेवर कायमची जागा मिळाली. रोज अकरा ते पाच झोपायचं, मध्ये जेवणाची सुट्टी. कूस बदलायची असेल तर बाईंना विचारायचं. केरबा खूश झाला. कंबरही सुटत आली.

पण दगडाची कीर्ती सगळ्या रानात पसरली. त्याला बघायला रांगा लागल्या. शेवटी बाईंनी तो पायाखालून काढला आणि काचेच्या पेटीत ठेवला.

बाज पुन्हा डुगडुगते आहे.

तात्पर्य: जुनं ते सोनं. म्हणूनच ते कुणाला दाखवू नये. दगड तर मुळीच दाखवू नये.