दोन बोटांचं भजन

"पक्कं करून आलो जी!" बकारामनं पार्सल ऑफिसच्या खिडकीत डोकं घातलं. "पुढच्या रविवारी दवनीवाड्याले जायाचं. उदारामजीच्या भजन मंडळापुढं तुमी एक भजन वाजवायचं. बस! पोरगी तुमची."

खेमराज गोंदियाच्या स्टेशनात पार्सलबाबू होता. हातातला ठप्पा पार्सलावर पडायचा तो त्याच्या स्वतःच्या अंगठ्यावर पडला.

"मी? कशावर वाजवू?"

"ते नाई का तुमच्या घरी खुंटीवर? लहान वीणा."

ती वीणा नव्हती. तिचं नाव युकुलेली. लढाई संपली आणि रेल्वेतला एक गोरा गार्ड कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा सामान हलकं करता करता त्यानं ते चार तारांचं वाद्य खेमराजच्या हातात कोंबलं. सोबत एक पातळ पुस्तक दिलं, 'शिकाऊंसाठी सोपी गाणी', सगळं इंग्रजीत. खेमराजनं दोन्ही वस्तू खुंटीवर टांगल्या आणि विसरून गेला. पुढं लग्न जुळवणारा बकाराम घर पाहायला आला. "हे वाजवता येते का जी?" त्यानं विचारलं. खेमराज म्हणाला, "थोडंफार." आता सांगा, सरळ 'नाही' म्हणायला याचं काय जात होतं? या 'थोडंफार'नं आजवर जेवढी माणसं बुडवली तेवढी वैनगंगेनंही बुडवली नसतील.

बकारामनं त्या थोड्याफाराचं उदारामजीपुढं भरपूर केलं, कारण उदारामजी तसाच माणूस होता. चांगली धानाची शेती, गावात मान आणि भजनाचं वेड. जावई तालाचा पाहिजे, हा एकच हट्ट. पहिला मुलगा आरतीत टाळी चुकला म्हणून परत. दुसऱ्यानं झांज उलटी धरली म्हणून परत. तिसरा बिचारा नुसता पान खात होता, तर उदारामजी म्हणाला, "याचं चावणंही तालात नाई."

आणि पोरगी रुख्मा! खेमराजनं तिला एकदाच पाहिलं होतं, याच खिडकीत. टाळांचं पार्सल सोडवायला ती बापासोबत आली होती. "बाबूजी, वजन कमी भरून रायलं. पुन्हा तोला," असं तिनं ठणकावलं. पुन्हा तोललं, तर पोरीचंच बरोबर निघालं. त्या दिवसापासून खेमराजला दुसरी मुलगी सांगायला आलेला माणूस चहा न पिताच परत जायचा. तिच्यावाचून आपलं काही खरं नाही, हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं.

हातात दिवस होते आठ. खेमराजनं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत नियम होता : चुकलात तरी थांबू नका, गाणं शेवटपर्यंत न्या. पुढं गाणी बोटांच्या हिशोबानं लावलेली. आधी एका बोटाची, मग दोन बोटांची, मग तीन बोटांची. गाणी मात्र कुठल्या खलाशाची, कुठल्या मडमेच्या टोपीची. ती दवनीवाड्याच्या मंडळापुढं काय कामाची?

मग त्यानं आपल्याकडची भजनं लावून पाहिली. तीन दिवस पाहिली. प्रत्येक भजनाला कुठं ना कुठं तिसरं बोट लागायचं, आणि ते बोट त्या पातळ तारेवर काही केल्या बसत नव्हतं. चौथ्या दिवशी शेजारचा टेकचंद हलवाई भिंतीपलीकडून ओरडला, "भैया, चूहा घुस गया क्या डिब्बे में? निकाल दो बेचारे को!"

खेमराजनं कपाळाला हात लावला. गेली रुख्मा!

तेवढ्यात ओसरीतून गुणगुणणं ऐकू आलं. धुरपताबाई, त्याची मामी, तांदूळ पाखडत होती. खेमराजचे आईबाप लहानपणीच गेले, शाळेच्या बोर्डिंगात वाढला, आता नोकरी लागल्यावर ही मामी रांधायला येऊन राहिली होती. मामीच्या तोंडात कायम गुडाखू, म्हणजे गुळातली तंबाखू, त्यामुळे तिच्या गाण्याला शब्द नसत. नुसतं "अं अं अंऽ" चालायचं. डोळे मिटलेले, मान डोलतेय, चेहऱ्यावर हसू. खेमराजनं ऐकता ऐकता तारांवर बोटं ठेवली. एक बोट. दोन बोटं. पुन्हा एक. तिसरं बोट कुठंच लागेना!

"मामी, कोनतं भजन हाय हे?"

मामीचं तोंड गुडाखूनं भरलेलं. तिनं "थांब" म्हणून हात वर केला. खेमराजला वाटलं, ती वर बसलेल्या देवाकडं बोट दाखवते आहे. मामी थुंकून आत आली तेव्हा तो तीच चाल वाजवत आणि गुणगुणत होता. अगदी हळू, मुंगीच्या पावलानं. मामीनं ते ऐकलं आणि पदर तोंडाशी धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. केवढी भक्ती, खेमराजला वाटलं. दुसऱ्याच दिवशी मामी धान कापायला आपल्या गावी निघून गेली.

आता खेमराजला जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला सांगून टाकतो, म्हणजे माझ्या एकट्याच्या छातीत धडधड नको. ते भजन नव्हतं. ती गारी होती.

गारी म्हणजे लग्नात बायकांनी पाहुण्यांना गाऊन दिलेल्या शिव्या. व्याही पंगतीला बसला की बायका त्याच्या मिशीपासून त्याच्या बहिणीपर्यंत सगळं काढतात, आणि व्याह्यानं हसत हसत जेवायचं. पण तो मान फक्त सोयऱ्याचा. सोयरीक नसताना कुणाच्या दारात गारी म्हटली की तो धडधडीत अपमान. त्यापायी काठ्या निघाल्याचं ऐकिवात आहे. बोर्डिंगात वाढलेल्या खेमराजला गोंदियाच्या बँडबाजाची लग्नं तेवढी माहीत; गारी हा शब्द ऐकलेला, चाल कधीच नाही. आणि हे पोरगं आता भर मंडळात, उदारामजीच्या घरात बसून, उदारामजीच्याच तोंडावर गारी वाजवायला निघालं होतं.

रविवारी दुपारी उदारामजीची ओसरी माणसांनी भरली. मंडळाची चौदा माणसं टाळ घेऊन बसलेली. मध्ये चैतराम मृदंगावर, गावातला सगळ्यांत आडदांड गडी. आतल्या दाराआड बांगड्यांची किणकिण होती. तिथं रुख्मा असणार, या विचारानं खेमराजनं सदरा सारखा केला. त्यानं फडकं सोडून युकुलेली बाहेर काढली.

उदारामजीनं ती उलटून पालटून पाहिली. "एवढीशीच? का अजून वाढाची हाय?"

मंडळ हसलं. बकाराम घाईनं म्हणाला, "लहान हाय, पन नाद मोठा हाय जी."

"शब्द कोनते?"

खेमराजनं बकारामकडं पाहिलं. "शब्द नाई जी. नुसती चाल हाय."

"उच्च भजनाले शब्द नसते," बकारामनं ठोकून दिलं.

 उदारामजीनं मांडी घातली, डोळे मिटले आणि हात केला. चला.

खेमराजनं सुरू केलं. हळू, फार हळू. एक बोट, दोन बोटं, पुन्हा एक, आणि वर "अं अं अंऽ". बोटं बरोबर पडत होती. उदारामजीची मान डोलायला लागली. चैतरामनं अलगद ठेका धरला. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "समाधी लागून रायली बाप्पा." दाराआडच्या बांगड्या मात्र एकदम थांबल्या.

पहिलं आवर्तन पार पडलं. देवा, निभलं, खेमराज मनात म्हणाला. दुसरंही निभलं. आता थांबावं की नाही? पण मंडळाची रीत अशी, की तिसऱ्या आवर्तनाला लय वाढवायची. चैतरामनं मृदंगावर थाप मारली आणि लय दुप्पट केली. टाळ सुटले. खेमराजची बोटंही धावली, आणि मुंगीच्या पावलानं चाललेली ती चाल तिच्या खऱ्या वेगात आली.

दाराआडून खुदकन आवाज आला.

चैतरामचा हात हवेतच राहिला. त्यानं टाळवाल्यांकडं पाहिलं, टाळवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. एकेक टाळ बंद पडत गेला. शेवटी ओसरीत एकटी युकुलेली वाजत राहिली. उदारामजीनं डोळे उघडले.

"हे काय वाजवून रायले जी तुमी?"

कुणीही शहाणा माणूस इथं थांबला असता. पण खेमराजला वाटलं, आपलं बोट चुकलं, म्हणून मंडळ थांबलं. आणि पुस्तकाचा पहिला नियम काय? चुकलात तरी थांबू नका! तो घामाघूम होऊन वाजवतच राहिला, वर आणखी जोरात गुणगुणायला लागला.

"माह्या घरी बसून," उदारामजीचा आवाज चढला, "माह्या घरचं पान खाऊन, मलेच गारी?"

गारी! शब्द खेमराजच्या कानावर पडला. मामीचं ते हसू, तो तोंडाशी धरलेला पदर, सगळं एका क्षणात उलगडलं. पण बोटं? बोटांना चार दिवसांची सवय, ती ऐकतच नव्हती. बकाराम बसल्या बसल्या जोड्यांच्या दिशेनं सरकत होता. चैतराम उठला, त्यानं अंगणाकडचं दार लावलं आणि बाह्या वर केल्या.

"बकाराम, तू बस खाली," तो म्हणाला. "तुही पाळी नंतर हाय."

आणि तेवढ्यात दाराआडून खणखणीत आवाज आला, अगदी ठेक्यावर :

"पाहुना आला वो बाई, काखेत लाकडाचं पोर,
चार तारा छेडते, मोठा वाटे थोर!
पारसलावर ठप्पा मारे, बोटाले लागली शाई,
याले पोरगी देईन कोन, याले भजन येत नाई!"

 आवाज रुख्माचा होता. खेमराजनं आपल्या अंगठ्याकडं पाहिलं. शाई खरंच होती. पोरीनं एवढ्या लांबून तीही पाहिली होती! त्याची बोटं आता कुठं थांबली.

"रुख्मे!" उदारामजी गरजला. "बाहेर ये!"

रुख्मा बाहेर आली. मान खाली, पण ओठ दाबलेले. तिच्या मागं तिची आई, जमुनाबाई.

"तू काऊन म्हन्लीस वो?"

"त्यायनं वाजवली, बाबा. गारीले जवाब नाई देल्ला तं घराची हार होते ना?"

"अवो, पन हा परका मानूस!"

"आता कायचा परका?" जमुनाबाई पुढं आली. बाई हळू बोलत होती, पण चौदाही माणसांना नीट ऐकू जाईल असं. "परक्या मानसाले तुमच्या पोरीनं गारी म्हन्ली, असं सांगता का गावाले? चौदा झनाच्या समोर? मंग कोन करन तिले? गारी होते सोयऱ्याले. इकडून गारी झाली, तिकडून जवाब झाला. आता हा सोयरा नसन तं आपल्या पोरीची लाज गेली. बोला, काय म्हन्ता?"

उदारामजीनं चैतरामकडं पाहिलं. चैतरामनं हळूच बाह्या खाली केल्या. मग उदारामजीनं म्हाताऱ्याकडं पाहिलं. म्हातारा म्हणाला, "बाईचं बराबर हाय उदाराम. असंच होते." बकाराम सरकायचा थांबला.

"पन ताल..." उदारामजी म्हणाला.

"तालात होती, बाबा," रुख्मा पटकन बोलली, आणि लाजून आईच्या मागं गेली.

"तीन पोरं वापस धाडले तुमी," जमुनाबाईचा आवाज भरून आला. "एकाची टाळी चुकली, एकाची झांज. मले काय समजत नाई? ताल नाई चुकला कोनाचा. तुमाले पोरगी सोडवत नाई!"

 उदारामजीसारखा माणूस चौदा जणांपुढं खाली मान घालून बसला. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं, या खेपेला जरा वरच्या बाजूला. खेमराजला स्वतःची भीती विसरून त्या माणसाची फार दया आली. युकुलेली बाजूला ठेवून तो पाया पडला.

"चुकलं जी माझं. मले एवढंच एक येते. भजन म्हनूनच शिकलो होतो."

"एवढंच येते?"

"होय जी. दोन बोटांचं हाय. तिसरं बोट बसत नाई."

उदारामजीनं उपरणं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "फागुनात लगन करू. धान घरात येऊन जाईन तोपर्यंत." चैतरामनं दार उघडलं. बकारामनं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की टाळवाले हसले. जमुनाबाई गूळ आणायला आत वळली, रुख्माही मागोमाग निघाली.

"तू थांब वो इथंच," उदारामजी तिला म्हणाला. त्यानं आपल्या शेजारी जागा केली आणि रुख्मा बसली. मग त्यानं युकुलेली उचलून खेमराजच्या हातात दिली.

"वाजवा जावईबापू. मघा परक्यावानी ऐकली म्या."

खेमराजनं तारांवर बोटं ठेवली. चैतराम लय वाढवायला हात उचलणार, तोच उदारामजीनं त्याचं मनगट धरलं.

"जोरात नको," तो म्हणाला. "पहिल्यानं वाजवली होती तशी, हळू वाजवा. फागुन यायले अजून टाईम हाय."