चिकटरावांच्या चांदण्या

प्रयोगशाळेत त्यांना सगळे चिकटराव म्हणत. आजारपणात गळ्याला ज्या गाठी सुजतात, त्या लसिकाग्रंथी. रक्तातून वाहत येणाऱ्या पांढऱ्या पेशी नेमक्या तिथेच रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून थांबतात. त्यांना चिकटवणारे रेणू शोधणं, हे चिकटरावांचं काम.

गाठीचा पातळ काप काचेवर ठेवायचा, रेणूंवर चमकणारा रंग चढवायचा, वर दुसरी नाजूक काच ठेवून कडा नेलपॉलिशने बंद करायच्या. त्या दिवशी प्रयोगशाळेतली बाटली सुकली होती, म्हणून चिकटरावांनी बायकोच्या कपाटातली उचलून आणली. न विचारता.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ते उडालेच. पेशींभोवती चांदण्यांचा सडा! रेणूंचं असं कोंडाळं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"रंग न चढवलेल्या काचेवर काय दिसतं?" प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी विचारलं.

"तिथे काय दिसणार, मॅडम? काही नाही."

मॅडमही भुलल्या. बातमी संचालकांपर्यंत गेली आणि थेट मोठ्या सभागृहात व्याख्यान ठरलं.

घरी मात्र वेगळाच तमाशा चालला होता. चिकटरावांची धाकटी बहीण राहायला आली होती.

"माझ्या कपाटाला हात कुणी लावला?" बायको कडाडली. "तूच ना गं?"

बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला. ती लगेच पिशवी भरून निघून गेली. चिकटरावांनी तोंडात गुळणी धरली. बाटली तर संपलेली, आता सांगायचं कुठल्या तोंडाने? व्याख्यान होऊ दे, मग बघू.

व्याख्यानाला बायको पुढच्याच रांगेत बसली होती. पडद्यावर चांदण्या झळकल्या. बायको ताडकन उठली.

"अगं बाई! अहो, ही तर माझी चमकीची नेलपॉलिश!"

चिकटरावांनी पडद्याकडे पाहिलं. पॉलिश काचेखाली झिरपली होती. सारवासारव करायला एक वाक्य जिभेवर आलंही, पण बायकोच्या नखांवर नव्या बाटलीतल्या तशाच चांदण्या लखलखत होत्या.

"हे रेणू नाहीत," ते कसेबसे म्हणाले. "ही नेलपॉलिशच आहे. आणि ती रंग न चढवलेली काच मी पाहिलीच नव्हती."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

बाहेर आल्यावर बायको हसत नव्हती. "त्या पोरीला मी नाही नाही ते बोलले. तुम्ही शेजारी उभे होतात!"

चिकटरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ते तडक बहिणीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"चुकलो गं. बाटली मीच नेली होती. तुझ्यावर आळ आला आणि मी गप्प बसलो."

बहीण त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे वहिनी नेलपॉलिशवरून ओरडत होती?"

"मग कशावरून?"

तिने इकडेतिकडे पाहिलं, पर्समधून एक लिपस्टिक काढली आणि भावाच्या हातात कोंबली. "मला वाटलं, हिच्यावरून. गुपचूप जागेवर ठेव, दादा. तुला माझी शपथ."

घरी बायको दारातच होती. "काय म्हणाली?"

"म्हणाली, झालं गेलं विसरून जाऊ."

बायकोचे डोळे भरून आले. "बघा, केवढं मोठं मन! नाहीतर तुम्ही."

"खरंय," चिकटराव म्हणाले आणि खिशातला हात बाहेर न काढता, मान खाली घालून कपाटाकडे निघाले.